पदपथावर स्केटबोर्ड: मुंबईत आधी बंदी हवी की आधी जागा?

शिवाजी पार्कचा पादचारी

गेली चाळीस वर्षे मी शिवाजी पार्कला रोज संध्याकाळी फेरी मारतो. गेल्या महिन्यात जवळच्याच एका गल्लीतल्या पदपथावर मागून स्केटबोर्ड आदळल्याने माझी पत्नी पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. बोर्डवरचा मुलगा पळून गेला नाही. टॅक्सी त्यानेच थांबवली आणि दवाखान्यात तो आमच्यासोबत तासभर बसला, त्यामुळे माझा राग त्याच्यावर नाही. तोल जातोय असे वाटताच त्याने खाली उडी मारली, स्वतःला सावरले, पण फळी तशीच पुढे धावत आली. या साधनाला ब्रेक नसतो, पाय जमिनीला घासूनच ते थांबवावे लागते, आणि स्वार उतरला तरी फळी थांबेलच असे नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातही पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असायला हवी. आमच्या भागात झाडाचा पार, विजेची पेटी आणि उभ्या केलेल्या दुचाक्या वगळल्या, तर दोन माणसे शेजारून चालू शकतील एवढीही वाट अनेक ठिकाणी उरत नाही. अशा पदपथावर स्केटबोर्ड चालवण्यास स्पष्ट, लेखी मनाई असावी आणि तसा फलक तिथे लावलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुलुंडची स्केटर

काका, काकूंना झालेल्या दुखापतीचे मनापासून वाईट वाटते, आणि गर्दीच्या पदपथावर बोर्ड हातात घेऊन चालावे हे मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तरीही तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

तुम्हीच लिहिले आहे की वाट अडवली आहे ती पार, पेटी आणि दुचाक्यांनी. पदपथावर मोटरसायकल चालवण्यास आजही मनाई आहे, तरी सिग्नल लागला की त्या वर चढतातच. नवा नियम आला की पहिला सापडेल तो बोर्डवरचा चौदा वर्षांचा मुलगा, कारण त्याला थांबवणे सर्वांत सोपे आहे. आमच्या चाकांचा व्यास साधारण ५०-५५ मिलिमीटर असतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा एखाद्या खड्यावर ती अडकतात आणि आम्ही तोंडावर पडतो. खडबडीत पदपथावर आम्ही हौसेने जात नाही, शेजारून बेस्टची बस जात असते म्हणून जातो.

मग जायचे कुठे? वांद्र्याला कार्टर रोडवर स्केटपार्क आहे, आणि ते चांगले आहे. पण मुलुंडहून तिथे पोहोचायचे तर दादरला गाडी बदलायची, वांद्र्याला उतरायचे आणि पुढे रिक्षा करायची. शाळकरी मुलाला हे रोज जमणार नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच रस्त्यांवर चालणारे, सायकलवाले आणि स्केटर एकत्र सुखाने वावरत होते. नॉर्वेने १९७८ मध्ये स्केटबोर्डवर देशभर बंदी घातली आणि १९८९ मध्ये ती उठवली. मधल्या काळात मुले जंगलात लपवून रॅम्प बांधत होती. बंदीने खेळ थांबत नाही, तो नजरेआड जातो आणि अधिक धोकादायक होतो.

फोर्टमधील वकील

कायद्यापुरते लिहितो. साधा स्केटबोर्ड हे मोटार वाहन नव्हे, त्यामुळे मोटार वाहन कायदा त्याला लागू होत नाही. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेवर कोणाला धोका, अडथळा किंवा इजा पोहोचवल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम घटना घडल्यावर उपयोगी पडते. कुठे चालवावे आणि कुठे नाही, हे ते आधी सांगत नाही. तसा नियम करायचा असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना अधिकार आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला आहे, म्हणून काकांची मागणी मला अधिक भक्कम वाटते. खेळाची गरज खरी असली, तरी चालणाऱ्याच्या हक्कानंतरच तिचा विचार होईल.

घाटकोपरचा पालक

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पदपथावर मनाई झाली तर तो रस्त्यावर उतरेल, याचा विचार वकीलसाहेबांनी केलेला दिसत नाही. हेल्मेट सक्तीचे करा, शाळा सुटण्याच्या वेळा वगळा, पण लहान मुलांना डंपरच्या बाजूला ढकलू नका.

शिवाजी पार्कचा पादचारी

पालकांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. म्हणून मागणी बदलतो. मरीन ड्राइव्हसारख्या रुंद जागी सकाळी लवकरची वेळ स्केटिंगसाठी राखून ठेवावी. रुग्णालय, शाळा आणि स्थानकाजवळच्या पदपथांवर, तसेच १.८ मीटरपेक्षा अरुंद पदपथावर कोणत्याही वेळी बोर्डवरून उतरून चालावे, मग चालवणारा नऊ वर्षांचा असो वा तीस. सत्तरीतल्या माणसाला मागून येणाऱ्या फळीसाठी बाजूला उडी मारता येत नाही.

मुलुंडची स्केटर

रुंद जागेची राखीव वेळ मला मान्य आहे. मात्र मुलुंड, भांडुप, गोवंडीच्या मुलांना मरीन ड्राइव्हची सकाळ काय कामाची? माटुंग्याला उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये नानालाल मेहता उद्यान झाले आणि आज तिथे लोक निवांत फिरतात. पुलाखालची जागा पावसातही बरीच कोरडी राहते, आणि आम्हाला लागतो तो केवळ गुळगुळीत काँक्रीटचा तुकडा. प्रत्येक विभागात अशी एक जागा द्या.

शिवाजी पार्कचा पादचारी

त्या अर्जावर पहिली सही माझी असेल. मात्र जागा तयार होईपर्यंत अरुंद पदपथावरची मनाई थांबवून ठेवू नये. पत्नीच्या हाताचे प्लास्टर अजून निघालेले नाही.

मुलुंडची स्केटर

काका, इथेच आपले जमत नाही. मनाईचा कागद एका आठवड्यात निघतो आणि जागेची फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. ज्या कागदावर मनाई असेल, त्याच कागदावर आमच्या विभागातल्या जागेचे नाव आणि ती खुली होण्याची तारीख असेल, तरच मी त्याला पाठिंबा देईन.