टीव्हीवरच्या कॉमेडीतले तृतीयपंथी: आमचं स्किट बदलू की तसंच ठेवू?

गल्लीतला_लेखक (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण चार लोकांना विचारल्याशिवाय झोप लागणार नाय म्हणून टाकालोय.

आमच्या गल्लीच्या मंडळाचं गणपतीत दरवर्षी एक स्किट असतं, लिहायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडं. यंदा घरपट्टीवर लिहिलंय. महापालिकेची वसुली होत नाय म्हणून साहेब डोकं चालवतात आणि थकबाकीदारांच्या दारात तृतीयपंथींना पाठवतात, आणि आमचा नगरसेवक, ज्याची स्वतःचीच पट्टी अकरा वर्षं थकलेली, तो माडीवर लपून बसतो. रोल आमच्या पक्याचा. वजन पंच्याण्णव किलो, साडी नेसून नुसता स्टेजवर आला तरी तालमीत सगळी लोळालीत. चाल, आवाज, टाळी सगळं टीव्हीवरनं उचललंय, खोटं कशाला बोलू. इकडं आपल्याकडं दोन्ही भाषांचे चॅनल बघतात, मराठी लावा नायतर कन्नड लावा, तृतीयपंथी आला की सेम टाळी सेम लचकणं, फक्त शिव्या बदलतात.

तर परवा तालमीच्या वेळी आमच्या गल्लीतले जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेले, साडी नेसणारे, दारात येऊन थांबले. आई त्यांना अक्का म्हणते, बाबा मामा म्हणतात, आम्ही पोरं तोंडाला येईल ते. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा ठेवलेली परडी, डोक्यावर घेऊन मंगळवार-शुक्रवार जोगवा मागतात. पाच मिनिटं उभं राहून बघितलं, काय बोलले नाहीत. मंडळाची ५१ रुपये वर्गणी दरवर्षी स्वतःहून आणून देतात, त्या दिवशी पण दिली आणि पावती न घेता गेले. पावतीवर नाव चुकलं तर भांडून नवीन लिहून घेणारा माणूस हो तो.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळालंय. टीव्हीवर रोज चालतं, लोक हसतात, मग आमचं काय चुकालंय? रोल काढू का?

---

निपाणीचा_गडी

काय काढू नको गा. आता सगळ्यांच्याच भावना दुखायला लागल्यात. जाड्यावर हसायचं नाय, टकल्यावर हसायचं नाय, मग काय हवामानाच्या बातम्यांवर हसायचं का? आपल्या बालगंधर्वांनी आयुष्यभर शालू नेसला, लोकांनी डोक्यावर घेतलं. भाऊ कदम साडी नेसून आले की माझी नव्वदीची आजीपण हसते. कपिल शर्माच्या शोमधली गुत्थी विसरलास काय, सगळा देश हसत होता २०१३ ला. व्यंग म्हणजे कुणाला तरी लागणारच. तुमचे ते जोगते दुसऱ्या कामाच्या गडबडीत गेले असतील, तू उगाच मनाला लावून घेतलास.

---

खानापूरची_मावशी

निपाणीच्या दादा, बालगंधर्व शालू नेसून यायचे तेव्हा लोक हसत नव्हते वो, बघत बसायचे. बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या म्हणतात. ते कुठं नि पंच्याण्णव किलोचा पक्या कुठं.

मी बैलहोंगलची लेक, खानापूरला दिली. माहेरी आमच्या घरात दरवर्षी पाच परड्या भरायच्या. रांडाव पुनवेला डोंगरावर जायचो, गाडीत चौंडकं नि तुणतुणं रात्रभर, उदं गं आई उदं. जोगते घरात आले की आजी आधी पाट टाकायची, मग पाणी, आणि लहान पोरास्नी पाया पडायला लावायची. मी काय फार चांगलं होतं सगळं असं म्हणत नाय, त्यांच्या घरच्यांनी त्यांना कसं घराबाहेर काढलं हे पण ऐकलंय, देवीला सोडायच्या नावाखाली पोरींचं काय झालं ते तर या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत, म्हणून तर १९८२ ला कायदा करावा लागला. पण आमच्या घरात त्यांना कुणी हसलेलं मी बघितलं नाय.

आता माझा नातू, सात वर्षांचा. गेल्या महिन्यात जोगवा मागायला आलेल्यांना बघून टाळी वाजवून ओरडला, "ओंबत्तू आलं". कन्नडमध्ये नऊ. ही शिवी आहे हे त्याला माहीतच नाय. कुठनं शिकलास म्हटलं तर म्हणतो टीव्हीतला माणूस असाच करतो. सून हसली, मग मी बघालेय म्हटल्यावर गप्प झाली. त्या माणसानं परडी उचलली, भंडारा लावायचा राहिलाच.

तुझी पावतीची गोष्ट वाचून तेच आठवलं बाळा.

---

निपाणीचा_गडी

मावशी, शिवी चूकच. मी शिवीचं समर्थन करालो नाय. मी स्किटचं बोलालोय.

---

कात्री_माझ्या_हातात

मूळचा अनगोळचा, पुण्यात चार वर्षं एडिटिंग केलंय, कॉमेडी शो पण केले, कुठले ते सांगत नाय. आतली गंमत सांगतो.

स्किट आठवड्याला लागतं. लेखकाकडं वेळ नाय, पंच कमी पडतो, मग कुणीतरी म्हणतं "इथं एक साडीवाली एंट्री टाका". ती एंट्री कधीच फसत नाय. एडिटला बसलं की आम्ही काय करतो, एंट्रीचं ते ठरलेलं म्युझिक, एक टाळी, लगेच समोर बसलेल्या पाहुण्यांचा हसतानाचा शॉट, तो बऱ्याचदा दुसऱ्याच जोकचा असतो बरं का, आणि खालून हशा भरायचा. आता हे नीट बघा, त्या पात्रानं अजून तोंड उघडलेलं नसतं. हशा आधीच येऊन गेला. म्हणजे जोक काय झाला? माणूस आला, हाच जोक.

गुत्थीचं तसं नव्हतं. ती दारात उभी राहून जे बोलायची त्यावर लोक हसायचे, आणि ती बाई होती गोष्टीत, तृतीयपंथी नव्हती. पुरुषानं स्त्रीपार्ट करणं आणि तृतीयपंथी दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आपल्याकडं दोन्हीची खिचडी झाली आहे. तमाशापटातल्या नाच्यापासूनच झाली म्हणा. आमच्या कोल्हापूरचे गणपत पाटील, "आत्ता गं बया" वाले. काम इतकं चोख की लोकांनी खऱ्या आयुष्यातपण तेच समजलं आणि त्या माणसाला आणि घरच्यांना त्याचा त्रास झाला. नट घरी गेला तरी प्रेक्षकांच्या डोक्यातली साडी सुटली नाय.

आणि हे फक्त आपलं नाय. अमेरिकेत जी कार्टून स्वतःला लय धारदार म्हणवतात तिथं पण हेच. फॅमिली गायमध्ये २०१० ला क्वॅगमायरच्या बापाचा एपिसोड आला, बाप ऑपरेशन करून बाई होतो, आणि तो ब्रायन कुत्रा, त्या शोमधला सगळ्यात सुधारणावादी प्राणी, आपण त्याच बाईसोबत रात्र काढली हे कळल्यावर उलटी करतो. करतो म्हणजे थांबतच नाय. साऊथ पार्कनं २००५ ला मास्तर गॅरिसनचं बाई व्हायचं ऑपरेशन दाखवलं आणि शेजारी एका वकिलाला डॉल्फिन व्हायचं असतं. मला तो एपिसोड पटत नाय, पण निदान तो काहीतरी मुद्दा मांडतो, चुकीचा का असेना, त्याच्याशी भांडता येतं. उलटीशी काय भांडणार?

लेखकभाऊ, तुझ्या स्किटमध्ये पक्या पहिलं वाक्य कधी बोलतो ते बघ.

---

गल्लीतला_लेखक

बघितलं. दुसऱ्या पानावर. तोपर्यंत नुसत्या चकरा आणि टाळ्या.

---

सीमाभागातला_शिक्षक

एक भर टाकतो. तुमची कल्पना कल्पना नाहीच मुळी. २००६ साली पाटण्याच्या महापालिकेनं खरंच थकबाकीदारांच्या दारात तृतीयपंथींना कमिशनवर पाठवलं होतं, पेपरात मोठी बातमी होती. त्यामुळं व्यंगाला जागा भरपूर आहे. ज्या लोकांना कुणी भाड्यानं खोली देत नाही त्यांना घरपट्टी गोळा करायला पाठवायचं. यात हसण्यासारखं कोण आहे हे लिहिणाऱ्यानं ठरवावं.

दुसरं, सिनेमात आपण दोन्ही भाषांत फार संवेदनशील वगैरे असतो. मराठीत जोगत्याच्या भूमिकेला, 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेंना, २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार. कन्नडमध्ये 'नानु अवनल्ल अवळु'साठी संचारी विजय यांना २०१४ सालचा. दोन्ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे. पुरस्कार घेणारे दोघेही पुरुष नट, हे जाता जाता. आणि त्याच घरात रविवारी रात्री तोच टाळीवाला.

---

आपली_तीच

इतके दिवस इथं नुसती वाचते, आज लिहिते. मी बेळगावचीच. ट्रान्स बाई. जोगती नाही, देवीचं माझं जमलं नाही, मी आकाऊंटचं काम करते.

पहिलं म्हणजे टाळीचं. टीव्हीवर ज्या नटाला बघावं तो पुलाव खाऊन ढेकर द्यावी तशी टाळी वाजवतो. आमच्यात टाळी म्हणजे बोलणं आहे हो. कुठली रागाची, कुठली हाक मारायची, कुठली "बास आता" ची. तुमच्या पक्याला एक तरी नीट वाजवायला शिकवा, कान किटले.

दुसरं, आम्हाला विनोद कळत नाही असं समजू नका. आम्ही एकत्र बसलो की जे हसतो ते तुमच्या चॅनलवाल्यांनी ऐकलं तर त्यांचे लेखक नोकरी सोडतील. कर्नाटकातल्या ट्रान्स लोककलावंत मंजम्मा जोगती २०२१ ला पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या तेव्हा राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. सगळा दरबार हसला, टाळ्या वाजल्या. तिथं हशा होता आणि अपमान कुणाचाच नव्हता. राष्ट्रपतींची दृष्ट काढायची म्हणजे केवढा टायमिंगचा सेन्स पाहिजे सांगा.

तिसरं, तुम्हाला व्यंगच पाहिजे ना? मी देते, फुकट. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मी कोण हे मी ठरवणार. २०१९ ला कायदा आला, त्यात म्हणे दाखला डीसी साहेब, म्हणजे जिल्हाधिकारी, देणार. आणि नुसतं बाई असं लिहून पाहिजे असेल तर ऑपरेशनचा कागद जोडायचा. म्हणजे मी बाई आहे की नाही यावर डीसी साहेबांची सही. त्यांच्या बायकोनं कधी त्यांना विचारलं असेल का हो, साहेब माझा अर्ज कुठं अडकला? आता हा सीन बेळगावात घाला. खिडकीवरचा क्लार्क म्हणतो फॉर्म कन्नडमध्येच भरा. मागं रांगेत आपला मराठी माणूस, सत्तर वर्षं "आम्ही कोण ते आम्ही ठरवणार, आम्हाला आमच्या भाषेत कागद द्या" म्हणून मोर्चे काढलेला. तो माझ्याकडं बघून फिदीफिदी हसतोय. आणि मी वळून त्याला विचारते, "काका, तुमचा दाखला मिळाला का?"

एवढं करा स्टेजवर. मी पहिल्या रांगेत बसून शिट्टी मारते.

---

निपाणीचा_गडी

हा जोक मात्र लागला. मोर्चात मी पण होतो.

---

खानापूरची_मावशी

शिट्टी मारायला मी पण येते गं बाई. मला शिट्टी येत नाय, तू शिकव.

---

कात्री_माझ्या_हातात

"साहेब माझा अर्ज कुठं अडकला" यावर पॉज घ्या. हशा पडू द्या, मगच पुढचं. आणि स्पीकरवर भरलेला हशा लावू नका, कृपा करा.

---

गल्लीतला_लेखक

आठ दिवसांनी लिहालोय, गडबड होती.

मंडळात भांडण झालं. अध्यक्ष म्हणाले सीमाप्रश्नाची टिंगल चालणार नाय. मी म्हटलं मग तृतीयपंथींची चालते होय? तर म्हणे ते वेगळं. वेगळं कसं ते त्यांना सांगता आलं नाय, चहा पिऊन गेले. शेवटी घरपट्टी ठेवली आणि खिडकीचा सीन आत घुसवला, "काका तुमचा दाखला" सकट. पक्या आता नगरसेवक झालाय, पंच्याण्णव किलो माडीवर लपवायचं म्हणजे आपोआप हशा आहे, आणि खूश आहे कारण साडीत त्याला घाम यायचा. वसुलीवालीचा रोल कोण करणार हा प्रश्न राहिलाय. आपली_तीच ताई, तुम्हाला विचारायची हिंमत करालोय, नाय म्हटलात तरी राग नाय.

जोगत्यांच्या घरी पण गेलो, पावती घेऊन. काय बोलायचं ठरवून गेलो होतो, सगळं विसरलो, नुसती पावती पुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले नाव चुकलंय, परत लिहून आण.