नववीला कॉम्प्युटर शिकवायचा तर पहिले तीन महिने लॅबला कुलूप : तुम्हांला काय वाटतं?

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चौदा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. गावाचं नाव सांगत नाही, लॅबची अवस्था सांगतो. मशीन २२, चालू ९, वर्गात मुलं ४३. पीरियड ३५ मिनिटांचा. त्यातली सात-आठ मिनिटं चपला बाहेर काढून आत शिरण्यात जातात. मग यूपीएस बोंबलतो. मग एका मशीनवर पाच जण, त्यातला एक माउस धरतो आणि चार जण त्याचा खांदा धरतात.

या वर्षी मी लॅबला कुलूप लावलं. पहिले तीन महिने सगळं मैदानात आणि कागदावर.

सुरुवात प्रार्थनेच्या रांगेपासून केली. ४३ मुलांना उंचीने उभं करायचं, पण डोळ्यांनी अंदाज घ्यायचा नाही. एका वेळी दोघांनीच पाठीला पाठ लावायची आणि बाजूला एकाने मोजत राहायचं. प्रत्येकाला प्रत्येकाशी लावलं तर ९०३ तुलना होतात. पोरं कंटाळली, आणि ती कंटाळायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी वेगळी रीत : छोटे गट करा, गटातल्या गटात उंची लावा, मग दोन लावलेल्या रांगा समोरासमोर आणून फक्त पुढच्या दोघांना भिडवा. जो बुटका तो नव्या रांगेत. असं जोडत गेलं की ४३ जणांना जास्तीत जास्त १९५ तुलना लागतात. नववीतली मुलं ‘अल्गोरिदम’ (म्हणजे काम करायची पायरीपायरीची रीत) हा शब्द ऐकायच्या आधी त्यावर भांडायला लागली, याहून मला काय हवं?

इतकी वर्षं आम्ही शिकवलं ते काय, तर वर्डमध्ये अक्षर जाड करणं आणि पॉवरपॉइंटमध्ये ते उडवणं. इंग्लंडातही हेच चाललं होतं. तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने २०१२मध्ये अहवाल काढून कान उपटले आणि २०१४पासून जुना विषय जाऊन ‘कम्प्युटिंग’ आला. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि मंडळींनी तर नव्वदच्या दशकातच वीज न लागणारे असे खेळ तयार केले होते. मी काही नवा शोध लावलेला नाही.

पालकांचं म्हणणं मात्र एकच : “कॉम्प्युटरची फी घेता आणि पोरांना उन्हात उभं करता?”

---

वेर्णेला रोज जाणारा

मास्तर, मनापासून विरोध.

माझं उदाहरण देतो. मी अकरावीत असताना विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारी सायबरएज योजनेतून घरी कॉम्प्युटर आला. आमच्याकडे फ्रिज त्यानंतर चार वर्षांनी आला. मला कुणीही काही शिकवलं नाही. मी तो बिघडवला, पुन्हा चालू केला, पुन्हा बिघडवला. आज वीस माणसांची टीम सांभाळतो ती त्या बिघडवण्याच्या जोरावर. तळीच्या पायऱ्यांवर बसवून पोहणं शिकवता येत नाही. नाकातोंडात पाणी जायलाच लागतं.

गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा केली तीसुद्धा याच विचारातून. पडद्यावरच्या कासवाला कुठे जायचं ते सांगायचं, कासव भलतीकडे गेलं की आपण काय चुकीचं सांगितलं ते शोधायचं. चूक समोर दिसली की मूल स्वतःच शिकतं. कागदावर चूक दिसत नाही, मास्तर तांबडी शाई लावेपर्यंत थांबावं लागतं.

एक प्रयोग करा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ अधिक ०.२ लिहून एंटर दाबा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. हे बघितल्यावर पोरांचे चेहरे बघा. कागदावर तुमचं उत्तर कायम ०.३च येणार. हा धक्का मैदानात कुठून आणणार?

---

निवृत्त गणितवाला

धक्का कसला? दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ३ संपत नाहीत, तसा यंत्राच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, एक दशांश संपत नाही. यंत्र कुठेतरी तोडतं, तोडलेलं पुढे उरतं. हे शाळेतल्या आवर्ती अपूर्णांकांतच बसतं. आधी गणित धड शिकवा, वेगळा विषय कशाला?

---

वेर्णेला रोज जाणारा

काका, तुम्हांला धक्का बसला नाही कारण तुम्हांला आवर्ती अपूर्णांक आवडतात. वर्गात असे किती जण असतात?

---

डिचोलीची आई

माझी मुलगी नववीत आहे म्हणून लिहिते. तुम्ही दोघेही एकाच बाजूचे आहात असं मला वाटतं. दोघांनाही प्रोग्रामर घडवायचे आहेत, फक्त एकाला उन्हात आणि एकाला एसीत.

आणि वर्ड-एक्सेलला एवढी नावं ठेवू नका. २०१८मध्ये खाणी थांबल्या, घरचा ट्रक अंगणात उभा राहिला, तेव्हा मी चाळिशीत एक्सेल शिकले. आज तीन दुकानांचे हिशेब करते. मला कुणी नववीत टायपिंग शिकवलं असतं तर दोन बोटांनी बडवत बसले नसते. वीजबिलाच्या नावाने मेसेज येतो, लिंक दाबा नाहीतर रात्री लाईट कापू, त्यावर आमच्या शेजारचे शिकलेले गृहस्थ फसले. माझ्या मुलीला हे कळायला हवं. रांगेत १९५ तुलना केल्याने ते कळणार आहे का? सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्सही आता आहेच. दहावीचं वर्ष समोर आहे, पोरांनी किती म्हणून करायचं?

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

ताई, लिंकचा मुद्दा मान्य. एक्सेलबद्दल माझी भाषा चुकली, तेही मान्य. पण तुम्ही एक्सेल चाळिशीत, गरज पडली तेव्हा शिकलात. बटणं तेव्हाही शिकता येतात. विचार करायची सवय मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षी लागली तर लागते. आणि दर पाच वर्षांनी बटणांच्या जागा बदलतात. मी स्वतः तीनदा नव्याने शिकलोय.

शोधायचं कसं, हा धडा आम्ही मतदार यादीवर केला. गोव्यात विधानसभेच्या ४० जागा, एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. एक नाव पहिल्या पानापासून शोधत गेलात तर दिवस जाईल. मधलं पान उघडा, नाव आधी की नंतर ते बघा, अर्धी यादी टाकून द्या. उरलेल्याचा पुन्हा मध्य. ३० हजारांतलं नाव १५ वेळा बघून सापडतं, कारण २चा १५वा घात ३२,७६८ आहे. पोरांचा विश्वास बसेना.

---

निवृत्त गणितवाला

बसणारही नाही. मतदार यादी आडनावाच्या क्रमाने नसते हो! यादी भागाभागाने, घर क्रमांकाने असते. मी सहा निवडणुकांत ड्युटी केली आहे. मधलं पान उघडून नाव आधी की नंतर हे कसं ठरवणार?

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

सर, पकडलंत! पण तुमच्या आधी मला तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पकडलं. मी फळ्यावर १५ लिहून जोरात अधोरेखित केलं आणि ती म्हणाली, “सर, ही यादी घरांची आहे, नावांची नाही.” मी दोन मिनिटं गप्प. तिच्या घरी यादी बघितलेली होती, मी न बघताच धडा ठरवला होता.

त्यानंतरचे दोन तास या वर्षातले सगळ्यांत चांगले गेले. घर क्रमांकाने शोधायचं तर यादी तशीच ठीक. नावाने शोधायचं तर सगळी यादी नव्याने लावावी लागेल, मग घर क्रमांकाची सोय गेली. एक मुलगा म्हणाला, यादी हलवायचीच नाही, वेगळ्या वहीत नुसती नावं क्रमाने लिहायची आणि पुढे पान क्रमांक टाकायचा. डेटाबेसमध्ये ज्याला इंडेक्स म्हणतात तो एका नववीतल्या मुलाने शिसपेन्सिलीने काढून दाखवला.

तेवढ्यात दुसरं भांडण. राणे आधी की रायकर? देवनागरीत ‘ण’ ‘य’च्या आधी, म्हणून राणे आधी. इंग्रजी हजेरीपटात ‘आय’ ‘एन’च्या आधी, म्हणून रायकर आधी. म्हणजे क्रम हा नावात नसतो, आपण ठरवलेल्या नियमात असतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. वेर्णेकर, हे सगळं लॅबमध्ये झालं असतं का? तिथे सॉर्टचं बटण दाबून मोकळे झालो असतो.

---

वाळपईचा, तिसरं वर्ष इंजिनिअरिंग

सर, मी दोन्ही बाजूंचा बळी आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून अचानक सगळं इंग्रजी. हायस्कुलात कॉम्प्युटर म्हणजे मॉनिटरचे भाग पाठ करणं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात लूप आला आणि मी भुताने झपाटल्यासारखा बसून राहिलो. खोलीतल्या मित्राने सोडवलं. तो म्हणाला, चतुर्थीला घुमट वाजवतोस ना? आरतीत तोच ठेका किती वेळा घेता? कडवं संपेपर्यंत. संपलं की? कांसाळेवाल्याच्या (झांजवाल्याच्या) खुणेवर ठेका बदलतो. तो म्हणाला, झाला लूप, खूण म्हणजे कंडिशन, थांबायची अट. पाच वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही ते पाच मिनिटांत शिरलं.

म्हणून भाषेचाही विचार करा. पण शुद्ध मराठीही नको. आमच्या एका सरांनी व्हेरिएबलला ‘चल’ म्हटलं तर मागच्या बाकावरचा दप्तर घेऊन उठला.

---

डिचोलीची आई

😂 आमच्याकडे पाचवीत हेच झालं. वर्षभर मुलगी वर्गात गप्प बसायची. मास्तर, तुमची तिसऱ्या बाकावरची मुलगी मराठीतून बोलली की इंग्रजीतून?

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

अर्धं कोंकणी, अर्धं मराठी. वर्गात मी कुठलीच भाषा अडवत नाही. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, म्हणून शेवटची दहा मिनिटं तेच इंग्रजीत.

---

वेर्णेला रोज जाणारा

मतदार यादीचा किस्सा झकास, टीममध्ये सांगणार. पण माझा मूळ मुद्दा तुम्ही टाळलात. तुमच्या मैदानात ‘मशीन’ कोण? माणूस. आणि माणूस दया करतो.

मी पुतण्याच्या शाळेत एकदा गेलो होतो. मुलांनी एकमेकांसाठी सूचना लिहायच्या : वर्गातून विहिरीपर्यंत कसं जायचं. एकाने लिहिलं, “दारातून बाहेर पड, वीस पावलं चाल, डावीकडे वळ.” ‘मशीन’ झालेला मुलगा आरामात विहिरीपाशी पोहोचला, टाळ्या पडल्या. पण दाराला उंबरठा आहे, मध्ये तुळस आहे, वीस पावलं कुणाची हेही लिहिलेलं नाही! त्याने सगळं मनात भरून घेतलं कारण त्याला विहीर ठाऊक होती. कॉम्प्युटरला विहीर ठाऊक नसते, तो तुळशीला धडकून तिथेच उभा राहतो. हा निष्ठुरपणा अनुभवल्याशिवाय नेमकं लिहिणं येत नाही. माझ्याकडे पदवी घेऊन येणारी पोरंसुद्धा अजून दयाळू कॉम्प्युटरसाठीच कोड लिहितात.

आणि इंग्लंडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच रॉयल सोसायटीने २०१७मध्ये पुन्हा बघितलं तेव्हा शिक्षक पुरेसे तयार नव्हते आणि सोळाव्या वर्षी हा विषय परीक्षेला घेणाऱ्यांत मुली जेमतेम २० टक्के होत्या. विषयाचं नाव बदलून मास्तर बदलत नाही.

---

निवृत्त गणितवाला

तुळशीचा मुद्दा बरोबर आहे. भूमितीच्या सिद्धतेतही मुलं असंच करतात, आकृतीत दिसतं म्हणून पायरी गाळतात. तरीही मी म्हणेन, वेगळ्या विषयाची गरज नाही. माझं मत बदललेलं नाही.

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

टाळलं नव्हतं, उत्तर नव्हतं. दयेचं खरं आहे. मी ‘मशीन’ म्हणून वर्गातली सगळ्यांत हट्टी मुलगी निवडतो, तरी ती मैत्रिणीची चूक पोटात घालतेच.

पण तीन महिन्यांचं कुलूप मी काढणार नाही. ९ मशीनवर ४३ मुलं आणि डोक्यात काहीच नाही, यापेक्षा ९ मशीनवर ४३ मुलं आणि प्रत्येकाच्या वहीत आधी लिहून आणलेला प्रोग्राम, हे मला परवडतं. मग मशीनपुढे प्रत्येकाला तीन मिनिटं पुरतात : टाइप कर, धडक, वहीत दुरुस्त कर, पुन्हा रांगेत उभा राहा. ०.१ अधिक ०.२ मात्र याच आठवड्यात दाखवीन. तेवढ्यापुरतं कुलूप उघडतो.

---

डिचोलीची आई

आणि लिंकचं?

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

तेही घेतो ताई. तुमच्या शेजारच्यांना आलेला मेसेज नंबर खोडून पाठवाल का? पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा खरा बरा.

---

वेर्णेला रोज जाणारा

शनिवारी सकाळी मोकळा आहे. जुनी रॅम आणि दोन-तीन हार्ड डिस्क पडून आहेत. लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बंद १३ पैकी चार-पाच तरी उठवू. वाद तिथेच पुढे चालवू.

---

फोंड्याचा कॉम्प्युटर मास्तर

या. चहा माझा. फक्त दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या मशीनला हात लावू नका. त्यावर मुख्याध्यापिका बाईंचं वेळापत्रक आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.