लहान मुलांच्या फुटबॉल मॅचमध्ये पोरगं पडलं की शिट्टी लगेच हवी की नको?

गोलामागची_आई: परवा आमच्या मुलाची बारा वर्षांखालची मॅच होती. कॉर्नरला दोघं हेडिंगला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. हा तिथेच खाली बसला, दोन्ही हात कानांवर. बॉल आतच होता म्हणून रेफरीने खेळ चालू ठेवला. बॉल बाहेर गेला तेव्हा कुठे शिट्टी. पाणी मारलं, "ठीक ना?" विचारलं, याने मान हलवली, परत आत. घरी येताना गाडीत तीनदा विचारलं, "आई, जिंकलो का आपण?" माझं म्हणणं सरळ आहे. मुलांच्या मॅचमध्ये कुणीही पडलं की शिट्टी वाजली पाहिजे.

शिट्टीवाला_कोल्हापूर: कुणीही? ताई, मग मॅच संपायचीच नाही. नियम असा आहे की किरकोळ लागलं तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळ चालू, गंभीर वाटलं तर तिथल्या तिथे बंद. एक गोलने पुढे असलेली पोरं शेवटच्या पाच मिनिटांत कशी लोळतात ते या बघायला. कधी कधी तर बाकावरूनच आवाज येतो, "बस खाली!" पेनल्टी एरियात, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, खेळ थांबवला की ड्रॉप बॉल, म्हणजे खेळ परत सुरू करायला रेफरी टाकतो तो बॉल, बचाव करणाऱ्यांच्या गोलकीपरला. समोरच्यांचा हल्ला गेला ना मग! पण डोक्याचं वेगळं. तिथे बॉल गोललाइनवर असता तरी मी शिट्टी मारली असती. त्या रेफरीचं चुकलंच.

गोलामागची_आई: किरकोळ की गंभीर हे तीस मीटरवरून कसं कळतं तुम्हाला?

शिट्टीवाला_कोल्हापूर: नेहमी नाही कळत. रडणाऱ्याची मला कमी काळजी असते. गप्प पडून राहिलेल्याकडे आधी पळतो.

जुना_स्टॉपर: सगळं रेफरीच्या माथी का? त्याला परत आत कोचने पाठवलं. मीही कोच आहे, बदली खेळाडू नव्हता म्हणून एकदा हेच केलंय, अजून आठवलं की लाज वाटते. आणखी एक. खेळ थांबवून उपचार झाले की गोलकीपर वगैरे सोडून बाकीच्यांना बाहेर जावं लागतं. पोरांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून खरं लागलेलं पोरगंही "नाही लागलं सर" म्हणतं. त्याच्या मान हलवण्यावर कसला भरवसा ठेवता?

न्यूजर्सीकर: इकडे यूएस सॉकरने, म्हणजे अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने, 2015 मध्येच दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं. मुद्दाम हेड केला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही). डोक्याच्या इजेचा संशय आला की वैद्यकीय माणसाने बघितल्याशिवाय परत आत घेत नाहीत. कुणी पडलं की बाकीची पोरं जागच्या जागी एक गुडघा टेकून बसतात. खेळ आपोआप थांबतो.

शिट्टीवाला_कोल्हापूर: साहेब, तुमच्याकडे बघायला माणूस तरी आहे. आमच्या फर्स्ट एडच्या पेटीत अर्धी कापसाची गुंडाळी आणि एक स्प्रे. गुडघा असो, घोटा असो, तोच स्प्रे. एकाने कपाळावर मारलेला मी स्वतः बघितलाय.

जुना_स्टॉपर: म्हणूनच संशय आला की त्या दिवसापुरतं बाहेर. त्याला डॉक्टर लागत नाही. दहा जणांनी खेळू दे. आणि आत यायची परवानगी तुम्हीच देता ना? मग देऊ नका.

शिट्टीवाला_कोल्हापूर: तुम्ही कोच असताना नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतं का?

जुना_स्टॉपर: तेव्हा? भांडलो असतो. ताई, पोराला दाखवलं का कुणाला?

गोलामागची_आई: त्याच रात्री. दोन आठवडे मैदान बंद. रविवारी सेमीफायनल आहे, त्यामुळे माझ्याशी बोलणंही बंद.