मानवी हक्कांच्या ऐच्छिक विषयासाठी चालू काळातले प्रश्न कसे निवडावेत?

तिसवाडीची अध्यापिका

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला ‘मानवी हक्क’ हा ऐच्छिक विषय शिकवायचा आहे. ६० तास आणि साधारण ३० मुलं, त्यांतली बरीच सत्तरी, सांगे, काणकोणची. माझी यादी बारावर गेली आहे: खासगीपणा, हवामानबदल, वनहक्क, मानवी तस्करी, कारागृहं, दिव्यांगांचे हक्क, घरं पाडणं, इंटरनेटबंदी वगैरे. कोणते ठेवू आणि कोणत्या निकषावर? गोव्यातले निदान दोन हवेत.

मडगावचे सर

मॅडम, बारा झेपणार नाहीत. चार घ्या, प्रत्येकी १२ तास. उरलेले १२ तास पायाला ठेवा: १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा, १९६६ चे संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांवरचे दोन करार आणि मानवी हक्क आयोगाचं कामकाज. पाया कच्चा राहिला की ठरलेल्या चुका होतात. छळविरोधी कराराचंच बघा. भारताने १९९७ मध्ये त्यावर सही केली, अनुसमर्थन (करार बंधनकारक म्हणून स्वीकारणं) अजून केलेलं नाही, आणि मुलं तो बंधनकारक धरून पानंच्या पानं लिहितात. आयोगाकडे तक्रार लिहायला दिली तर १९९३ च्या कायद्याच्या कलम ३६(२) मधली, घटनेपासून एक वर्षाची मुदत निम्म्यांच्या तरी लक्षात येत नाही.

निवडीचं म्हणाल, तर तुमच्या यादीत विषय आहेत, प्रश्न नाहीत. प्रत्येकाचं एका वाक्यात कायदेशीर प्रश्नात रूपांतर करून पाहा. ज्याचं होत नाही तो सोडा. ‘खासगीपणा’वर निबंध येतो. पण ‘२०२३ च्या डेटा कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल पुट्टस्वामी निकालातल्या प्रमाणबद्धतेच्या कसोटीला उतरतो का?’ असं विचारलंत की दोन्ही बाजूंनी लिहावं लागतं. कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहिती नाकारण्याबद्दल आहे, पुट्टस्वामी हा खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा निकाल, आणि प्रमाणबद्धता म्हणजे हक्कावरचा निर्बंध गरजेपुरताच असणं. इथे माहिती अधिकाराचं कलम ८(२) शाबूत आहे, तिथून सार्वजनिक हिताचा मुद्दा अजून मांडता येतो. हे ज्याला दिसलं त्याने कायदा वाचला, असं खुशाल समजा.

मानवी तस्करीचंही तेच. ती वाईट आहे यावर वर्गात वाद होणार नाही. पण प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध संरक्षणगृहात ठेवता येतं का, हा खरा प्रश्न आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ आणि देहविक्रय करणाऱ्यांच्या हक्कांबद्दलच्या बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणातले सर्वोच्च न्यायालयाचे १९ मे २०२२ चे निर्देश शेजारी ठेवून वाचायला लावा.

वाळपईचा वकील

वनहक्क सोडू नका. २००६ च्या कायद्याचा गोव्यातला पेच वेगळाच आहे. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. धनगर-गवळी त्या यादीत नाहीत. ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गातून येतात, म्हणजे तीन पिढ्या, ७५ वर्षं. हिशेब केला तर १९३० पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य होतं आणि कागद त्या भाषेत. आजचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) मुक्तीनंतरच्या मोजणीचा, तो इतक्या मागचं काहीच सांगत नाही.

म्हणून वनहक्क नियमांतला नियम १३ नीट शिकवा. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हेसुद्धा पुरावे आहेत आणि किमान दोन लागतात. नियम १२अ प्रमाणे अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. मुलांना एक काल्पनिक दावा द्या: वैयक्तिक असेल तर नमुना ‘अ’, सामूहिक असेल तर ‘ब’. तो ग्रामसभेपासून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीपर्यंत चालवायला लावा. अपिलाची मुदत दोन्ही टप्प्यांवर ६० दिवस. बहुतेक दावे गणपूर्तीपाशी अडकतात. ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पंचायत मोठी, वाडे लांब लांब, मग सभा तहकूब होत राहते.

याला जोडूनच म्हादई अभयारण्य घ्या. २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्रक्षेत्र अधिसूचित करायला सांगितलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघ की माणूस, असा वाद मात्र वर्गात रंगू देऊ नका. वन्यजीव कायद्याचं कलम ३८व्ही आणि वनहक्क कायद्याचं कलम ४(२) समोर ठेवा. दोन्हींत आधी हक्क निश्चित करा म्हटलं आहे आणि पुनर्वसन संमतीशिवाय नाही.

फोंड्याची संशोधक

दुसरा गोव्याचा प्रश्न म्हणून दिव्यांगांची सुगम्यता (इमारती आणि सेवा त्यांना वापरता येणं) घ्या, कारण मुलांना तो स्वतः मोजता येतो. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) रद्द ठरवला. कायदा सक्तीचा आणि नियम मात्र नुसती मार्गदर्शक तत्त्वं, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. चार-चार जणांचे गट करा, टेप द्या, प्रत्येक गटाला एक सरकारी कार्यालय. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला निदान १८० सेंटिमीटर लांबी. दरवाजाची मोकळी रुंदी आणि स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळते का, तेही पाहा. कार्यालयप्रमुखांना आधी पत्र द्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतील.

वनहक्कांसाठी मात्र मुलांना वाड्यांवर मुलाखती घ्यायला पाठवू नका. प्रलंबित दाव्यातल्या माणसाने बोलता बोलता सांगितलेलं उद्या त्याच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. विधानसभेतल्या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळतात, त्यांत तालुकावार आकडे असतात. तेवढं पुरे.

तिसवाडीची अध्यापिका

फार उपयोग झाला. वनहक्क, सुगम्यता आणि माहिती अधिकार-खासगीपणा हे तीन पक्के. चौथ्यासाठी घरं पाडणं आणि इंटरनेटबंदी यांत अडकले आहे.

मडगावचे सर

घरं पाडणं घ्या. इंटरनेटबंदीवरचा अनुराधा भसीन निकाल (१० जानेवारी २०२०) चांगला आहे, पण बंदीचे मूळ आदेश हाती लागत नाहीत आणि मुलं बातम्यांवर लिहितात. उलट घरं पाडण्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पायऱ्या स्पष्ट आहेत: १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिशः सुनावणी, कारणांसह आदेश. अपवादही शिकवा: रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम, आणि जिथे न्यायालयाचाच पाडण्याचा आदेश आहे ते. त्यासोबत १९७५ चा मुंडकार कायदा वाचायला द्या. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीतलं मुंडकाराचं (मालकाच्या संमतीने तिथे घर करून राहणाऱ्याचं) घर आणि बेकायदा बांधकाम यांतला फरक गोव्याबाहेरच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.