कॉइल बदलण्याआधी अर्थिंग तपासावे

आपल्या होडीच्या दोन सिलिंडरच्या आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनात नवी कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) बसवूनही खालच्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही, असे आपण लिहिले आहे. दोन्ही कॉइल सारख्या असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष वर सरकला तर कॉइलच सदोष, आणि तिथेच राहिला तर वायरिंग किंवा सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) तपासावे. पैठणला नाथसागरावरील आमच्या होडीत कॉइलच्या बोल्टखाली, अर्थिंगच्या (इंजिनच्या धातूला जोडणाऱ्या) वायरीच्या तांब्याच्या टोकावर हिरवट थर साचला होता, आणि तो पॉलिश पेपरने घासून काढताच निळी, कडक ठिणगी पडू लागली. गोड्या पाण्यातही असे होते. प्लगच्या वायरी मात्र जोडीनेच बदलाव्यात, फ्लायव्हीलपासून (इंजिनवरच्या फिरत्या जड चाकापासून) दूर बांधाव्यात आणि प्लगची वायर मोकळी लोंबत असताना इंजिन कधीही फिरवू नये, कारण त्याने सीडीआय जळू शकते.