मिन्मी हे नाव मोडीत काढावे काय?

खडकवेडा
“मिन्मीचा मूळ नमुना इतका तुटपुंजा आहे की ते नाव मोडीत काढलेलेच बरे,” हे पुराजीव यांचे विधान वाचून राहवले नाही. मिन्मी हा ऑस्ट्रेलियातला चिलखती डायनोसॉर. क्वीन्सलँडमधील रोमा गावाच्या उत्तरेला १९६४ साली ॲलन बार्थोलोमाय यांना सापडलेल्या या नमुन्याला कवटी नाही, हे खरे. परंतु पाठीचे मणके, बरगड्या, मागच्या पायाचा भाग आणि पोटावरच्या कवचाचे लहान तुकडे त्यात आहेत. मणक्यांच्या कडेने जाणाऱ्या ज्या हाडांच्या पट्ट्यांवरून राल्फ मोल्नार यांनी १९८० साली ‘मिन्मी पॅराव्हर्टेब्रा’ हे नाव दिले, त्या पाहता हा प्राणी निराळा वाटणे स्वाभाविकच होते.

पुराजीव
स्वाभाविक होते, पण ते १९८० साली. पुढे आर्बर आणि करी या संशोधकांनी अशा पट्ट्या म्हणजे हाड बनलेले स्नायुबंध आहेत आणि ते इतर अँकिलोसॉरांतही, म्हणजे चिलखती डायनोसॉरांतही, आढळतात, असे दाखवून हे नाव संदिग्ध ठरवले. माझा खरा राग पुस्तकांवर आहे. १९८९ साली क्वीन्सलँडमधल्याच रिचमंडजवळच्या मॅरेथॉन येथे मिळालेला, कवटीसह जवळजवळ पूर्ण सांगाडा पाव शतक मिन्मी म्हणूनच ओळखला गेला. २०१५ साली त्याला कुनबारासॉरस हे स्वतंत्र नाव मिळाले, तरी चित्रे तीच राहिली. पोटातली फळे, बिया आणि बारीक कातरलेला पाला त्या सांगाड्यातला आहे, मिन्मीतला नाही, असे माझ्या भाचीने शाळेतल्या स्पर्धेत लिहिले. तिचे गुण कापले गेले आणि ती रडत घरी आली.

नर्मदाकाठ
हा घोळ आपल्याकडे १९२३ पासून आहे. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवरील हाडांना मॅटली यांनी लॅमेटासॉरस हे नाव देऊन तो प्राणी चिलखती ठरवला. पुढे त्यांतील कंबरेची हाडे आणि नडगी मांसाहारी डायनोसॉरची निघाली. मी त्या टेकडीवर दोनदा गेलो आहे, तिथला हिरवट वालुकाश्म हातात घेऊन पाहिला आहे. अपुऱ्या हाडांवर नाव ठेवण्याची घाई कशी अंगाशी येते, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

खडकवेडा
ही तुलना अन्यायाची आहे. तिथे वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे एका नावाखाली आली; इथे एकाच प्राण्याचे मणके एकामागोमाग जुळलेले आहेत. आपण टेकडी चढला आहात, म्हणून प्रत्येक अपुरा नमुना सरमिसळीचा ठरत नाही.

नर्मदाकाठ
मिन्मीत सरमिसळ आहे असे मी म्हटलेलेच नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी फक्त घाईबद्दल बोललो, आणि त्यावर मी ठाम आहे.

पुराजीव
मणके सलग आहेत, हा मुद्दा मला मनाविरुद्ध का होईना, मान्य करावा लागतो. २०१५ साली लूसी लीही आणि सहकाऱ्यांनीही मिन्मी हे नाव राखलेच होते. ठीक आहे, राहू द्या ते, पण त्या एका नमुन्यापुरतेच. आणि त्याच्या चित्रातले उसने डोके व पोटातली फळे काढून घ्या.