एमपीडीए स्थानबद्धता: सल्लागार मंडळाची वाट पाहावी की थेट रिट करावी?

प्रश्न
पोलीस आयुक्तांनी एमपीडीएच्या (धोकादायक व्यक्ती वगैरेंना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा कायदा) कलम ३(२) खाली अशिलाला ‘धोकादायक व्यक्ती’ ठरवून स्थानबद्ध केलं आहे. आधार म्हणून मारहाणीचा एक गुन्हा (जामीन झालेला) आणि दोन इन-कॅमेरा (साक्षीदारांची नावं गुप्त ठेवून नोंदवलेले) जबाब घेतलेत. गुन्ह्यानंतर साडेचार महिन्यांनी आदेश निघाला. स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या सुनावणीपर्यंत थांबू का, की थेट हायकोर्टात रिट याचिका करू?

उत्तर १
थांबू नका. स्थानबद्धता जास्तीत जास्त १२ महिन्यांची असते. याचिका कोर्टाच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) येईपर्यंत निम्मा काळ सरतो. पत्नी किंवा आई-वडिलांच्या नावे अनुच्छेद २२६ खाली रिट दाखल करा आणि प्रेसिपी (लवकर सुनावणीसाठीचा लेखी अर्ज) देऊन लवकरची तारीख घ्या.

आधी तारखा काढा: स्थानबद्धतेची लेखी कारणं ५ दिवसांत बजावली का, आदेशापासून १२ दिवसांत शासनाची मंजुरी आली का, स्थानबद्धतेपासून ३ आठवड्यांत प्रकरण मंडळाकडे गेलं का, ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल आला का. या मुदती सहसा पाळलेल्या असतात, त्यामुळे सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

उत्तर २
तुमचा खरा मुद्दा साडेचार महिन्यांचा आहे. प्रस्ताव पोलीस ठाण्यातून कधी निघाला, कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता, हे आयुक्तांना प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं. ‘प्रशासकीय प्रक्रिया’ एवढंच लिहिलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा सुशांतकुमार बनिक (२०२२) हा निकाल दाखवा: विनाकारण विलंबाने गुन्हा आणि आदेश यांतला दुवा तुटतो.

जबाब गोपनीय आहेत एवढ्यावर काही मिळत नाही. असे जबाब आधार म्हणून चालतात असं सांगणारा फुलवारी पाठक (२०००) निकाल तुमच्या विरोधात जातो. सहायक आयुक्तांनी पडताळणी केली का, ती आयुक्तांसमोर होती का, ते बघा. जबाबातली घटना दोघांतल्या वादाची असेल तर तो ‘कायदा व सुव्यवस्थे’चा प्रश्न, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ त्याने बिघडत नाही, आणि स्थानबद्धतेला तीच बिघडावी लागते. त्यासाठी लोहिया (१९६६) आणि अमीना बेगम (२०२३) हे निकाल दाखवा.

कलम ५-अ विसरू नका. एक कारण पाडलं तरी उरलेल्यांवर आदेश टिकतो, म्हणून गुन्हा आणि दोन्ही जबाब प्रत्येकी वेगळे खोडा.

प्रश्नकर्ता
जामीन आदेशाची प्रत कारणांसोबत दिलेली नाही.

उत्तर ३
मग तो मुद्दा याचिकेत घ्याच. जामिनाचा आदेश आयुक्तांपुढे ठेवलाच नव्हता की ठेवून प्रत दिली नाही, हे दोन स्वतंत्र आक्षेप आहेत. जामिनाच्या अटी पुरेशा का नव्हत्या याचा विचार झालेला दिसत नसेल, तर तेही लिहा.

दुसरं, शासनमंजुरी मिळेपर्यंत आयुक्तांकडेही निवेदन (आदेश मागे घेण्याची लेखी विनंती) करता येतं, हे कारणांत कळवलं आहे का? नसेल तर आदेश पाडायला संतोष शंकर आचार्य (२०००) पुरेसा आहे. तो एमपीडीएवरचाच निकाल आहे.

शासनाकडचं निवेदन आजच तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवा आणि पोच घ्या. निर्णयाला लागलेल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याच तारखेपासून मागता येतो. मंडळापुढे वकील उभा राहू शकत नाही. अशिलाने काय बोलायचं ते मराठीत लिहून त्याच्या हातात द्या.